तृतीयपंथी आणि एचआयव्ही : धोका जास्त का, तपासणी कुठे, हक्क कोणते?

एचआयव्हीचा विषाणू स्त्री-पुरुष-तृतीयपंथी असा भेद करत नाही. तरीही आकडे वेगळं सांगतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) २०१७ च्या पाहणीत तृतीयपंथीयांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ३.१४ टक्के आढळलं. त्याच वर्षी देशातल्या प्रौढांमधलं अंदाजे प्रमाण होतं ०.२२ टक्के. म्हणजे जवळपास १४ पट फरक. शिवाय ही पाहणी प्रतिबंध प्रकल्पांच्या संपर्कात असलेल्यांची. जे कुणाच्याच संपर्कात नाहीत, ते यात मोजलेच गेले नाहीत.

धोका का वाढतो?

घरातून बाहेर काढलं, शाळा सुटली, काम कुणी देत नाही. मग बाजार मागणं किंवा देहविक्रय, एवढेच मार्ग अनेकांपुढे उरतात. गिऱ्हाईक निरोध वापरायला नाही म्हणालं तर पोटासाठी ऐकावं लागतं. गुदमैथुनात आतली नाजूक त्वचा लवकर फाटते, त्यामुळे विषाणू शरीरात शिरणं सोपं जातं. यासाठी निरोधसोबत पाण्यावर आधारित वंगण (जेली) वापरावं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावल्यास निरोध फाटतो. गरमी (सिफिलिस), परमा असे गुप्तरोग अंगावर काढले तरी एचआयव्हीचा धोका वाढतो. अप्रशिक्षित माणसाकडून केलेलं निर्वाण आणि हार्मोनच्या इंजेक्शनसाठी एकच सुई अनेकांनी वापरणं हेही तितकंच धोक्याचं.

दवाखान्यापर्यंत का पोहोचत नाहीत?

अडचण केसपेपरपासूनच सुरू होते. नाव एक, रूप दुसरं, आणि रांगा दोनच : पुरुषांची आणि बायकांची. ओपीडीत मोठ्याने नाव पुकारलं की सगळे वळून बघतात. भरती व्हायचं तर कुठल्या वॉर्डात, हा प्रश्न. त्यात तालुक्याचं गाव छोटं, कर्मचाऱ्यांपैकी कुणीतरी ओळखीचं निघतंच. मग मेडिकलवाल्याला विचारून गोळी घेतली जाते, आणि आजार आत वाढत राहतो.

हैदराबादेत २०२१ मध्ये तृतीयपंथीयांसाठी 'मित्र' क्लिनिक सुरू झालं. पुढे कल्याण आणि पुण्यातही ते उघडलं. अमेरिकी मदत थांबल्यावर जानेवारी २०२५ मध्ये ही तिन्ही क्लिनिक बंद पडली. खेड्यापाड्यातल्या माणसाला ती तशीही लांबच होती. त्याचा भरवसा सरकारी रुग्णालयावरच.

तपासणी आणि उपचार कुठे?

जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत आयसीटीसी म्हणजे समुपदेशन व तपासणी केंद्र असतं. तपासणी मोफत होते, अहवाल गुप्त ठेवला जातो. गुप्तरोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' आहेत. धोक्याचा संबंध आल्यावर लगेच केलेली तपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करावी. अत्याचार झाला असेल तर ७२ तासांच्या आत रुग्णालय गाठावं. संसर्ग टाळणाऱ्या गोळ्या तेवढ्याच वेळात सुरू करता येतात आणि २८ दिवस घ्याव्या लागतात.

अहवाल पॉझिटिव्ह आला तर एआरटी केंद्रातून औषधं मोफत मिळतात. सरकारने ही सोय १ एप्रिल २००४ पासून सुरू केली. २०१७ पासून सीडी-४ पेशी कमी होईपर्यंत थांबावं लागत नाही, निदान झालं की औषध सुरू. गोळ्या रोज घेतल्या आणि रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला, की लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. पण गोळ्या मध्येच सोडल्या तर विषाणू पुन्हा वाढतो. मुंबई-पुण्याला जायचं असेल तर केंद्रावर सांगून तिकडच्या केंद्रात नाव बदलून घ्यावं.

कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांना रुग्णालयात वैद्यकीय सेवा द्या, असं सरकारांना बजावलं. २०१९ च्या तृतीयपंथी हक्क कायद्यानेही आरोग्यसेवेची जबाबदारी सरकारवर टाकली. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, अहवाल दुसऱ्याला सांगता येत नाही आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. २० किंवा जास्त माणसं असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. तिथे दाद लागली नाही तर राज्याने नेमलेल्या लोकपालाकडे जाता येतं.

रुग्णालयांना यासाठी नवी इमारत लागणार नाही. नाव पुकारण्याऐवजी केसपेपरचा नंबर पुकारला, कोणत्या नावाने हाक मारू हे आधी विचारलं, नको ते प्रश्न टाळले, तरी बरीच माणसं पुन्हा येतील.

माहितीसाठी नॅकोची मोफत हेल्पलाइन : १०९७. फोन करताना नाव सांगायची गरज नाही.