दागोबातला धातू

भेडाघाटला अस्थी नर्मदेच्या हवाली करायच्या, मागे काही उरू द्यायचे नाही. बौद्धांची रीत नेमकी उलटी: अवशेष जपायचा. त्याला पालीत शब्द ‘धातु’. आयुर्वेदाच्या सप्तधातूंतही अस्थी आहेच. लोखंड-तांबे हा अर्थ आज पुढे आला इतकेच. धातू पोटात ठेवणारा स्तूप तो ‘धातुगर्भ’, पालीत ‘धातुगब्भ’, सिंहलीत ‘दागब’ आणि आपल्या लेण्यांच्या वर्णनांत ‘दागोबा’. शेवटी ‘बा’ दिसला म्हणून हा खंडोबा-विठोबाचा भाऊबंद नव्हे!

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा, सर्वांत आत सोन्याचा. आणि त्या सोन्यात काय, तर मातीच्या भांड्याच्या चिमुकल्या खापऱ्या! बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून जपलेल्या.

भाज्याला दागोबांचा एक समूहच उभा आहे. काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावे ब्राह्मीत कोरलेली. रोमलाही मृतांच्या स्मृतीला अशीच कोरीव अक्षरे. चौथ्या शतकात पोप दमासस यांनी हुतात्म्यांच्या थडग्यांवर लॅटिन पद्यलेख कोरवून घेतले. अक्षरे इतकी देखणी, की भाज्याचे लेख त्यांच्यापुढे घाईत खरडलेले वाटतात. मला मात्र भाज्याचेच आवडतात.