पुनर्वसन वैद्यकाचे शिक्षण आणि नगर जिल्ह्याची मोजपट्टी

अर्धांगवायू, मणक्याची इजा, पोलिओ, कुष्ठरोग किंवा अपघात यांतून माणसाचा जीव वाचला, तरी हातापायांची गेलेली ताकद पुष्कळदा गेलेलीच राहते. ती जितकी परत मिळेल तितकी मिळवून देणे आणि जी मिळणार नाही तिच्यावाचून निभावेल अशी व्यवस्था लावणे, हे ज्या वैद्यकशाखेचे काम आहे तिला शारीरिक वैद्यक व पुनर्वसन असे म्हणतात. रुग्णालयांच्या रोजच्या बोलीत तिचे नाव ‘पीएमआर’ असे आहे. फिजिओथेरपी हे तिचे एक अंग आहे. परंतु पीएमआरचा डॉक्टर एमबीबीएसनंतर तीन वर्षे रुग्णालयात निवासी म्हणून राबून एमडी किंवा डीएनबी ही पदवी घेतो आणि कोणत्या रुग्णाला कोणता व्यायाम, कोणती पट्टी, कोणता कृत्रिम अवयव किंवा कोणते इंजेक्शन द्यावयाचे, याचा निर्णय घेतो. हे तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण चांगले की सुमार, हे कशावरून ठरवावे, या प्रश्नाला महाराष्ट्रात दोन निरनिराळी उत्तरे मिळत आली आहेत. पहिले उत्तर मुंबई-दिल्लीच्या नियमावलीत सापडते, तर दुसरे अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे 2024 पासूनच्या अहिल्यानगरच्या, दुष्काळी दक्षिण भागात घडलेल्या कामात सापडते, आणि या दुसऱ्या उत्तराची दखल पहिल्याने फार उशिरा घेतली.

महाराष्ट्रात या शाखेचा पाया युद्धाने घातला. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी शिपायांना हातकाम शिकवून पोटाला लावण्यासाठी 1917 मध्ये मुंबईत क्वीन मेरी यांच्या नावाने तांत्रिक शिक्षणाची संस्था निघाली, ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, पुण्यातच लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. नगर हे जुने छावणीचे गाव आणि भोवतालचा मुलूख शिपाईगिरीला सरावलेला, त्यामुळे ‘पाय गेलेला पेन्शनर’ ही या भागाला अपरिचित गोष्ट नव्हती. मात्र लष्कराची ही सोय लष्करापुरतीच होती, आणि विहिरीत पडून कंबर मोडलेल्या शेतकऱ्याला तिचा काडीचाही उपयोग नव्हता.

नागरी बाजूला सुरुवात झाली ती डॉक्टरांकडून झाली नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. मूळच्या अमेरिकन आणि विवाहाने निंबकर झालेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजच्या जगण्यातील कामांच्या द्वारे उपचार करण्याची, शाळा काढली. त्यानंतर मुंबईत आलेल्या पोलिओच्या साथीमुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने त्याच रुग्णालयात फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने हाजी अली येथे अखिल भारतीय शारीरिक वैद्यक व पुनर्वसन संस्था निघाली ती 1955 मध्ये. म्हणजे थेरपिस्ट आधी आले आणि त्यांच्या कामाला दिशा देणारा तज्ज्ञ डॉक्टर मागाहून घडवला गेला. निवासी प्रशिक्षणाचा साचा अमेरिकेतून आला, जेथे मेयो क्लिनिकमध्ये फ्रँक क्रूसेन यांनी 1936 मध्ये या विषयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला होता आणि 1947 मध्ये या शाखेचे स्वतंत्र परीक्षक मंडळही स्थापन झाले होते. हा साचा भारतात आला, पण त्याची पारख करण्याची रीत येथे निराळी पडली.

ती रीत म्हणजे इन्स्पेक्शन. 1956 च्या कायद्याखाली चालणाऱ्या भारतीय वैद्यक परिषदेचे निरीक्षक महाविद्यालयात येत, प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि सीनियर रेसिडेंट यांची शिरगणती करीत, प्रत्येक शिक्षकाचे डिक्लरेशन फॉर्म तपासत, खाटा, बाह्यरुग्ण विभागातील त्या दिवशीची नोंद, ग्रंथालय आणि यंत्रसामग्री पाहत, आणि त्या आधारे किती जागांना मान्यता द्यावयाची हे ठरे. या पद्धतीत एक गुण होता: ज्या संस्थेत शिक्षकच नाहीत तेथे शिक्षण होणार नाही, हे साधे सत्य तिने धरून ठेवले. पण मोजता येते तेवढेच मोजले जाते आणि मोजले जाते तेवढेच सजवले जाते, हा सगळ्याच तपासण्यांचा अनुभव येथेही आला. तपासणीच्या दिवसापुरते शिक्षक आणि तपासणीच्या दिवसापुरते भरलेले वॉर्ड हा प्रकार देशभर इतका बोकाळला की पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला शिक्षकांची हजेरी आधारशी जोडलेल्या बायोमेट्रिक यंत्रावर घेणे भाग पडले. भ्रष्टाचाराच्या आरोपांनंतर परिषद 2010 मध्ये बरखास्त झाली, 2018 मध्ये पुन्हा प्रशासक मंडळाच्या हाती गेली आणि 2020 च्या सप्टेंबरात तिची जागा आयोगाने घेतली. पण खाटा आणि शिक्षक यांच्या संख्येवर उभी असलेली मूळ चौकट या सर्व उलथापालथीत टिकून राहिली.

शस्त्रक्रियेच्या किंवा प्रसूतिशास्त्राच्या विभागाला ही चौकट बऱ्यापैकी लागू पडते, कारण तेथील काम भिंतींच्या आत होते आणि त्याचा निकाल काही दिवसांत कळतो. पुनर्वसनाचा निकाल मात्र सहा महिन्यांनी, वर्षाने, रुग्णाच्या घरी आणि शेतात लागतो. खाटांच्या नोंदवहीत त्याचा मागमूस नसतो.

या ठिकाणी जामखेडचा इतिहास पाहावा लागतो. डॉ. रजनीकांत आरोळे हे याच जिल्ह्यातले. ते आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. वेल्लोर हे या विषयाचे देशातील आद्यपीठच म्हणावे लागेल, कारण कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे स्नायुबंध वळवून सरळ करण्याची पॉल ब्रँड यांची शस्त्रक्रिया तेथेच सिद्ध झाली आणि अपघातात कमरेखालचे अंग गमावलेल्या डॉ. मेरी व्हर्गीस यांनी न्यूयॉर्कला प्रशिक्षण घेऊन परतल्यावर 1966 मध्ये तेथेच पुनर्वसन संस्था उभी केली. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आरोळे दांपत्य 1970 मध्ये जामखेडला आले, आणि दोनच वर्षांत 1972 चा दुष्काळ समोर उभा ठाकला. पाणी, अन्न आणि बालकांचे मृत्यू हे पहिले प्रश्न होते. ते सोडवण्यासाठी त्यांनी गावोगावच्या, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित असलेल्या, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या प्रयोगाची कीर्ती 1979 च्या मॅगसेसे पुरस्काराने जगभर गेली आणि त्यावर पुष्कळ लिहिलेही गेले आहे. त्यातील पुनर्वसनाची बाजू मात्र तुलनेने उपेक्षित राहिली.

या प्रकल्पात कुष्ठरुग्णाला वेगळ्या वसाहतीत नेले जात नसे. तो आपल्या गावात, आपल्या घरात राही आणि आरोग्यसेविका त्याच्या बधिर पायावरची जखम पाही, त्याला मऊ रबराच्या तळाची चप्पल घालण्याची सवय लावी. प्रकल्पाने पुढे कृत्रिम अवयवांची कार्यशाळाही काढली, जेथे स्थानिक लोकच ‘जयपूर फूट’ आणि पोलिओच्या मुलांसाठी कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, बनवू लागले. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस घडवलेला हा पाय नगरच्या मातीला कसा जुळला, हे समजण्यासाठी त्याची रचना जवळून पाहणे भाग आहे. त्यापूर्वी प्रचलित असलेला पाश्चात्त्य पद्धतीचा पाय बुटात घालण्यासाठीच बनवलेला होता. त्याचा घोटा ताठ असे, त्यामुळे बूट काढून देवळात जाणे, उकिडवे बसणे, मांडी घालून जेवणे, चिखलात पाणी धरणे यांपैकी एकही गोष्ट त्याने धड होत नसे. जयपूरचा पाय व्हल्कनाइज केलेल्या रबराचा असतो, त्याला बोटांसकट खऱ्या पायाचा आकार असतो आणि तो सर्व बाजूंनी लवतो. वरची नळी सुरुवातीस ॲल्युमिनियमचा पत्रा हातोडीने ठोकून रुग्णाच्या मापाची केली जाई. पत्रा ठोकण्याचे काम तालुक्याच्या गावात कोणालाही शिकवता येण्याजोगे होते. मोडलेला पाय दुरुस्त करायला पुण्याला जावे लागले नाही, तरच तो पाय वापरात राहतो. नाहीतर तो आढ्याला टांगला जातो. शिबिरांतून एकदम शेकडो साधने वाटण्याची जी प्रथा पुढे रूढ झाली, तिच्यात नेमका हाच दुवा बहुधा निसटतो.

म्हणून जामखेडच्या कामातून निघणारी मोजपट्टी अशी आहे: माणूस पुन्हा रानात जाऊ लागला का, बाई चुलीपुढे बसू लागली का, पोर शाळेत गेले का. ही मोजपट्टी भाबडी वाटण्याचा संभव आहे, पण तिची तुलना रुग्णालयातील मान्य मापनांशी केली असता तिचे बळ ध्यानात येते. निवासी डॉक्टरांना शिकवला जाणारा बार्थेल निर्देशांक हे रुग्णाचे स्वावलंबन मोजण्याचे दहा बाबींचे आणि 100 गुणांचे माप अमेरिकेत 1965 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पलंगावरून खुर्चीत जाण्याला 15 गुण आहेत, सपाट जागी 50 यार्ड चालण्याला 15 आहेत आणि जिना चढण्याला 10 आहेत. पाथर्डी किंवा कर्जत तालुक्यातील वस्तीवरच्या घरात जिना नसतो, खुर्ची पाहुण्यापुरती असते, आणि 50 यार्ड सपाट जमीन शोधावी लागते. जमिनीवरून उठणे, बांधावरून चालणे, उकिडवे बसणे या कृतींना मात्र या मापात एकही गुण नाही. पूर्ण 100 गुण घेऊन घरी गेलेली बाई भाकरी थापायला बसू शकत नाही, असे घडू शकते. ज्या विभागाने आपल्या निवासी डॉक्टरांना हा फरक दाखवून दिला नाही, त्याच्याकडे खाटा कितीही असोत, त्याचे शिक्षण अपुरे मानावे लागते.

दरम्यान जिल्ह्याच्या बागायती उत्तर भागात वैद्यकीय शिक्षण स्वतंत्र मार्गाने वाढत होते. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, लोणी येथे, प्रवरा ग्रामीण रुग्णालय उभे राहिले, 1984 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले, 2003 मध्ये ती संस्था अभिमत विद्यापीठ झाली; नगर शहराजवळ विळद घाटातही वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दोन्ही ठिकाणी फिजिओथेरपीचे शिक्षण मिळते. उसाच्या अर्थकारणातून रुग्णालये निघाली आणि त्याच अर्थकारणातून रुग्णही आले, हा योगायोग नव्हे. कडबाकुट्टीत गेलेला पंजा, मळणी यंत्रात अडकलेला हात, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली चिरडलेला पाय, विहिरीचे काम करताना मोडलेला मणका: या इजा शहरी पाठ्यपुस्तकांत तळटीपेपुरत्या असतात, येथे त्या नित्याच्या आहेत. पोलिओ देशातून गेला, भारत 2014 मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला, आणि ज्या रोगावर ही शाखा वाढली तो आजच्या निवासी डॉक्टरला केवळ जुन्या रुग्णांच्या बारीक पायांत दिसतो. त्याच्या जागी पक्षाघात, रस्त्यावरचे अपघात आणि मधुमेहाने कापावे लागलेले पाय आले.

पाठपुराव्याचा प्रश्नही या जिल्ह्यात वेगळे रूप घेतो. पाठ्यपुस्तक सांगते की रुग्णाला तीन महिन्यांनी व सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. भाद्रपदात घरी सोडलेला रुग्ण तीन महिन्यांनी एखाद्या कारखान्याच्या तळावर, पालात असतो, आणि विभागाच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘आला नाही’ एवढीच नोंद पडते. रुग्ण बेफिकीर आहे असा अर्थ त्या नोंदीतून काढणारा निवासी डॉक्टर आपल्या शिक्षकांकडून काही शिकलेला नाही, असे म्हणणे कठोर असले तरी चुकीचे नाही.

नियमावलीने या वास्तवाकडे पाहण्यास अलीकडे सुरुवात केली आहे. एमबीबीएसच्या 2019 पासूनच्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात पीएमआरची कौशल्ये नावानिशी आली. त्याहून महत्त्वाचा बदल म्हणजे 2020 मध्ये अधिसूचित झालेला डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम, ज्यानुसार प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला आपल्या अभ्यासक्रमाचे तीन महिने जिल्हा पातळीवरील आरोग्ययंत्रणेत काढावे लागतात आणि ते समाधानकारकरीत्या पूर्ण केल्याशिवाय त्याला अंतिम परीक्षेला बसता येत नाही. इतर शाखांत या तीन महिन्यांकडे मनुष्यबळाची तात्पुरती सोय म्हणून पाहिले जाते, आणि तशी तक्रार निवासी डॉक्टरही करतात. पीएमआरच्या बाबतीत मात्र हेच तीन महिने तपासणीचा सर्वांत खरा भाग होऊ शकतात, कारण हाजी अलीला लिहून दिलेली पट्टी किंवा पाय कोणत्या जमिनीवर वापरला जातो हे पाहण्याची संधी विद्यार्थ्याला तेथेच मिळते. त्यासाठी या काळात विद्यार्थ्याने किती रुग्ण पाहिले याच्या जोडीला किती घरे पाहिली, दिलेल्या साधनांपैकी किती वापरात आढळली, मोडलेली साधने कोठे दुरुस्त झाली आणि ऊसतोडीला गेलेल्या रुग्णांचा माग त्याने कोणाकरवी काढला, या गोष्टी त्याच्या लॉगबुकात याव्या लागतील, आणि त्या नोंदींवर सही करणाऱ्यांत जिल्हा रुग्णालयाच्या अधिकाऱ्याबरोबर गावच्या आशा सेविकेलाही स्थान द्यावे लागेल.