‘गावठी’ गायीलाही नाव आहे! कोकण कपिला म्हणजे काय आणि ती टिकणार कशी?

वसईतल्या उमेळ्यापासून सावंतवाडीपर्यंत लहान चणीची, तांबूस गाय दिसली की तिला सरसकट ‘गावठी’ म्हटलं जातं. पण कोकणातल्या अशा अनेक गायी ‘कोकण कपिला’ या स्वतंत्र जातीच्या आहेत. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे या जातीची अधिकृत नोंद आहे. पालघर ते सिंधुदुर्ग हा किनारपट्टीचा भाग आणि गोवा हे तिचं मूळ क्षेत्र.

तिची खासियत काय?

दूध कमी, पण दमट हवा, धो धो पाऊस आणि डोंगरातली चराई तिला सोसते. अंगाने हलके बैल भाताच्या चिखलणीला उपयोगी पडतात. खुराकाचा खर्चही कमी.

मग धोका कशाचा?

२०१९च्या पशुगणनेनुसार देशात देशी गोवंश १४.२१ कोटी होता, २०१२पेक्षा ६ टक्क्यांनी कमी. विदेशी व संकरित गोवंश मात्र सुमारे २७ टक्क्यांनी वाढून ५.०४ कोटींवर गेला.

कोकणात बैलांची जागा पॉवर टिलरने घेतली. वसई-विरारसारख्या भागात इमारती वाढल्या, चराईची जागा आटली. शिवाय कुठल्याही वळूकडून गाय भरवली की पुढच्या पिढ्यांमध्ये मूळ गुण पुसट होत जातात. गाय दारात दिसते, पण जात हळूहळू संपते.

जात टिकवायची कशी?

• त्याच जातीचा निवडक वळू किंवा त्याचं गोठवलेलं वीर्य वापरणं.
• कोणती गाय कोणत्या वळूपासून झाली, याची नोंद ठेवणं.
• वीर्य आणि भ्रूण गोठवून साठवणं. मात्र हा फक्त राखीव साठा. बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं गोठ्यातल्या जिवंत जनावरालाच जमतं.
• दूध, तूप, शेणखत यांतून पाळणाऱ्याला चार पैसे मिळवून देणं.

शेवटचा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. केंद्राचं राष्ट्रीय गोकुळ मिशन २०१४पासून सुरू आहे. सप्टेंबर २०२४मध्ये राज्य सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं आणि गोशाळांतल्या देशी गायींसाठी रोज ५० रुपये अनुदान ठरवलं. पण गोशाळेत गाय जगते. जात वाढते ती शेतकऱ्याच्या गोठ्यात. तिथे ती परवडली नाही, तर अधिकृत नोंद फक्त कागदावर उरेल.