मधलं वर्ष नक्की कुणाचं?

एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुसऱ्या वर्षी मी एका कंपनीत सहा आठवडे ‘इंडस्ट्रियल ट्रेनिंग’ केलं. पहिले दोन आठवडे कुणाला वेळच नव्हता, म्हणून जुन्या सर्किट डायग्रामच्या फायली लावल्या. पुढचे चार आठवडे पीसीबी टेस्टिंगच्या टेबलाशेजारी उभी राहिले. तिथल्या टेक्निशियन काकांनी एक गोष्ट मात्र पक्की शिकवली: ‘आधी प्रोब तपास, मग बोर्डाला नावं ठेव.’ शेवटी ‘समाधानकारक’ असा शेरा असलेलं सर्टिफिकेट मिळालं आणि कॉलेजात ते फायलीला लागलं. तिथे काय शिकलीस, हे मला कुणीच विचारलं नाही.

पुढे तंत्रशिक्षणाच्या इतिहासावर वाचायला लागले तेव्हा ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिली. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंगची पदवी बऱ्याचदा चार वर्षांची असते. दोन वर्षं वर्गात, तिसरं उद्योगात आणि चौथं परत वर्गात. याला तिकडे ‘सँडविच कोर्स’ म्हणतात. आपण त्याकडे नोकरीच्या दृष्टीने बघतो. पण ही व्यवस्था कुठून आली हे शोधायला गेलं की वेगळाच प्रश्न समोर येतो: त्या मधल्या वर्षाची जबाबदारी कुणाची? कॉलेजची, कारखान्याची, की विद्यार्थ्याची?

गोष्ट सुरू करायची तर लंडनपेक्षा टोकियोतून केलेली बरी. १८७३ साली जपान सरकारने हेन्री डायर या स्कॉटिश इंजिनिअरला नवं इंजिनिअरिंग कॉलेज उभारायला बोलावलं. त्याने पंचविशीही गाठली नव्हती. ग्लासगोत त्याने आधी कारखान्यात उमेदवारी केली होती, मग विद्यापीठात शिक्षण घेतलं होतं. त्यामुळे दोन्हीकडची भाषा त्याला येत होती. त्याने आखलेला अभ्यासक्रम सहा वर्षांचा होता. पहिली दोन वर्षं कॉलेजात, मधली दोन वर्षं आलटून पालटून सहा महिने कॉलेज आणि सहा महिने प्रत्यक्ष काम, शेवटची दोन वर्षं पूर्ण कामावर.

याच कॉलेजात विल्यम एअरटन भौतिकशास्त्र आणि तारायंत्रविद्या शिकवायला आला. त्याआधी तो भारतातल्या तार खात्यात होता आणि लांबलचक तारांमध्ये बिघाड नेमका कुठे झालाय हे शोधण्याच्या पद्धतींवर त्याने काम केलं होतं. आज आपण ज्याला इलेक्ट्रॉनिक्स म्हणतो त्याची एक वाट या तारायंत्रातूनच येते. इथून १८७९ साली बाहेर पडलेला शिदा रिन्झाबुरो पुढे ग्लासगोला विल्यम थॉमसनकडे, म्हणजे नंतरच्या लॉर्ड केल्व्हिनकडे, शिकायला गेला.

आता प्रश्न असा की स्कॉटिश माणसाची ही योजना त्याच्या स्वतःच्या देशात का उभी राहिली नाही? डायर हुशार होता, हे उत्तर पुरेसं नाही. मालकी कुणाची होती ते बघायला हवं. टोकियोत कॉलेज ज्या मंत्रालयाचं होतं, त्याच मंत्रालयाकडे रेल्वे, तारायंत्र, दीपगृहं, खाणी आणि आकाबानेचा कारखानाही होता. विद्यार्थ्याला वर्गातून कामावर पाठवणं म्हणजे एकाच घरातल्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवणं होतं. ब्रिटनमध्ये मात्र कारखाना खासगी मालकाचा. तिथे मुलाला इंजिनिअरच्या हाताखाली ठेवायचं तर पालक फी भरत. ही जुनी रीत मालकांच्या सोयीची होती, कॉलेजचा संबंध हवाच कशाला?

त्यामुळे ब्रिटनमध्ये ही पद्धत तुकड्यातुकड्याने आली. १९०३ साली संडरलँडच्या टेक्निकल कॉलेजने स्थानिक कंपन्यांशी जुळवून घेत असा अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेत १९०६ साली हर्मन श्नायडरने सिनसिनाटी विद्यापीठात वेगळी युक्ती काढली. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. एक आठवडा एक जण वर्गात, दुसरा कामावर, पुढच्या आठवड्यात उलट. म्हणजे कारखान्यातली जागा कधी रिकामी राहत नसे. इथे मालकाला काय हवंय, याचा आधी विचार केलेला दिसतो.

देशपातळीवरची चौकट यायला १९५५ साल उजाडलं. ब्रिटनने तंत्रशिक्षणाच्या पदविकांसाठी राष्ट्रीय परिषद नेमली. अध्यक्ष होते रोल्स-रॉइसचे लॉर्ड हाइव्ह्ज. या परिषदेने ‘डिप्लोमा इन टेक्नॉलॉजी’ सुरू केला. दर्जा ऑनर्स पदवीच्या बरोबरीचा आणि उद्योगातलं प्रशिक्षण हा अभ्यासक्रमाचाच भाग. पुढच्याच वर्षी सरकारच्या श्वेतपत्रिकेने सँडविच पद्धतीला उघड पाठिंबा दिला आणि प्रगत तंत्रज्ञान महाविद्यालयं निवडली गेली. १९६३च्या रॉबिन्स अहवालानंतर त्यातली बहुतेक विद्यापीठं झाली. सरे, बाथ, ॲस्टन, ब्रुनेल, ब्रॅडफर्ड, लफबरो, सॅल्फर्ड ही सगळी त्याच कुळातली. आजही तिथे मधल्या वर्षाची परंपरा टिकून आहे.

या कागदांत दोन शब्द सारखे भेटतात. ‘वर्क्स-बेस्ड’ विद्यार्थी म्हणजे कंपनीने शिकायला पाठवलेला, मधल्या वर्षात परत तिथेच जाणारा. ‘कॉलेज-बेस्ड’ म्हणजे कॉलेजात दाखल झालेला आणि जागा शोधावी लागणारा. पहिल्याला पगार आणि ओळखीचं टेबल होतं. दुसऱ्याचं सगळं बाजारावर अवलंबून. १९८०च्या सुमाराला मंदी आली तेव्हा झळ लागली ती मुख्यतः दुसऱ्यांना. अभ्यासक्रमाचा कागद तोच, पण मधल्या वर्षाला मालक उरला नव्हता.

आपल्याकडे याचे दोन वेगळे निर्णय एकाच साली झालेले दिसतात. १९७३ साली शिकाऊ उमेदवार कायद्यात दुरुस्ती होऊन पदवी आणि पदविकाधारक इंजिनिअर त्यात आले. स्टायपेंडचा भार केंद्र सरकार आणि कंपनी यांनी वाटून घ्यायचा. पण ही उमेदवारी पदवी हातात पडल्यावरची. त्याच साली पिलानीच्या बिट्सने ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केलं. तिथे विद्यार्थी पदवीच्या आतच कंपनीत जातो आणि प्राध्यापक कामाच्या जागी येऊन मूल्यमापन करतात. संस्थेच्या गोव्यातल्या कॅम्पसमध्येही तीच पद्धत आहे.

वरवर दोन्ही सारखंच वाटतं, मुलं कंपनीत शिकतात. मला मात्र फरक मोठा वाटतो. पदवीनंतरची उमेदवारी संपली की विद्यार्थी कॉलेजात परत येत नाही. मधलं वर्ष करणारा परत येतो, आणि येताना प्रश्न घेऊन येतो: हे फिल्टर कागदावर चालतं, मग बोर्डवर आवाज का येतो? तो प्रश्न ऐकायला वर्गात कुणी तयार असेल, तर शिकवणंही बदलतं. माझ्या मते या पद्धतीचा खरा फायदा या परत येण्यात आहे. नुसतं जाणं तर माझंही झालं होतं.

संशोधनाची तयारी करताय म्हणून एक सांगते. अशा विषयावर काम करायचं ठरवलंत तर प्रॉस्पेक्टसवर थांबू नका. त्यात काय व्हावं हे लिहिलेलं असतं, काय झालं ते नसतं. विद्यार्थ्यांच्या लॉगबुका, भेटीला गेलेल्या शिक्षकांचे अहवाल, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार शोधा. पगार कोण देत होतं, शेरा कोण लिहीत होतं आणि तो शेरा पुढे कुणी वाचत होतं का, एवढं तपासलं तरी निम्मं प्रकरण उभं राहतं.

मी स्वतः सुरुवातीला उलटं केलं. ‘ब्रिटिश सँडविच कोर्स’ असं धरून लंडनच्या कागदांत वर्षभर शोधत बसले आणि टोकियो हाती लागलं ते एका तळटीपेत. बोर्डात दोष नव्हता, माझा प्रोबच चुकीच्या जागी लावलेला होता. काकांनी सांगितलं होतंच.