मखरवाल्याच्या दुकानातलं स्टेशन

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचं रेल्वे स्टेशन कुणाला फळीवर उभं करायचं झालं, तर इंजिन, डबे आणि रूळ मिळवताना फारसं अडत नाही. पैसे मोजले की परदेशी कंपन्यांचा माल हाती येतो. अडतं ते घरापाशी. मॉडेल रेल्वेच्या इमारतींची खोकी मिळतात, पण त्यांतून निघतं ते लाकडी चौकटीचं जर्मन घर, बर्फ घसरून पडावा म्हणून उभट छपराचं. नाहीतर इंग्लंडमधल्या खेड्यातलं विटांचं सिग्नल केबिन. सागाचे खांब, बांबूचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, वर नळीची कौलं आणि पुढे ओटा, असं नवापूरकडचं घर कुठल्याच खोक्यात नसतं. यावरून लोक म्हणतात की आपल्याकडे या छंदाला माल पुरवणारे नाहीतच. हे मला पटत नाही. पुरवणारे आहेत; फक्त त्यांच्या पाटीवर 'मॉडेल रेल्वे' असं लिहिलेलं नाही. आणि या चिमुकल्या घरांचं कूळ शोधत मागे गेलं, तर जिथे हा धंदा जन्मला तिथेही सुरुवातीला कुणाच्या पाटीवर तसं लिहिलेलं नव्हतं, असं दिसतं.

या छंदातलं सगळ्यात जुनं आणि मोठं नाव मेर्कलिन. जर्मनीतल्या गोपिंगन गावात १८५९ मध्ये हा कारखाना निघाला तो आगगाड्यांसाठी नव्हे. तिथे पत्र्याची भांडीकुंडी होत होती, बाहुल्यांच्या स्वयंपाकघरासाठी. म्हणजे आपल्या भाषेत भातुकली. रुळांच्या ठरावीक मापांची गाडी मेर्कलिनने लाइपझिगच्या जत्रेत मांडली ती १८९१ मध्ये. इमारतींच्या पुरवठादारांची कुळकथाही अशीच आडवाटेची. आउहागेन हे नाव आज कारखाने आणि गोदामांच्या मॉडेलसाठी घेतलं जातं. सॅक्सनीतल्या मारियनबर्गजवळ १८८५ मध्ये सुरू झालेला तो पुठ्ठ्याच्या वस्तूंचा धंदा होता. फालर बंधूंनी १९४६ मध्ये ज्या ग्युटेनबाखला आपला व्यवसाय उभारला, ते ब्लॅक फॉरेस्टमधलं घड्याळं करणाऱ्यांच्या मुलखातलं गाव. बारीक काम करणारे हात तिथे पिढ्यान्‌पिढ्या होतेच, त्यांना फक्त नवं काम मिळालं. सॅक्सनीच्याच डोंगरातल्या झायफेनची गोष्ट तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. खाणी आटल्यावर तिथले लोक लाकूडकामाकडे वळले आणि त्यांनी एक युक्ती बसवली. ओल्या लाकडाची चकती लेथवर फिरवून तिच्या कडेला अशा खाचा पाडायच्या, की ते कडं आडवं कापलं तर छेदात गाईचा किंवा घोड्याचा आकार दिसावा. मग पावाच्या कापांसारखे तुकडे पाडत जायचं. एका कड्यातून एकसारखी कितीतरी जनावरं निघतात. हाताची कारागिरी आणि कारखान्याची पुनरावृत्ती एकाच कड्यात बसवलेली ही चीज मला सगळ्या प्लास्टिकच्या साच्यांहून हुशार वाटते.

मग हे सगळे आडधंदे जाऊन 'मॉडेल रेल्वेचे पुरवठादार' नावाची वेगळी जात तयार झाली कशी? दोन गोष्टींमुळे. १९३५ च्या सुमारास गाड्या इतक्या लहान झाल्या की घरातल्या टेबलावर मावू लागल्या. एचओ हे १:८७ चं प्रमाण त्याच वाटेने रूढ झालं. आणि १९५० च्या दशकात लाकूड-पुठ्ठ्याची जागा पॉलिस्टायरीनने घेतली. या दुसऱ्या बदलात आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्लास्टिकच्या घरासाठी पोलादी साचा करावा लागतो, साचा महाग पडतो, आणि हजारोंनी घरं विकली गेली तरच तो परवडतो. म्हणून साचे झाले ते गिऱ्हाईक होतं त्या देशांतल्या घरांचे. नवापूरच्या घराचा साचा नाही, याला कारण कारागिरीची उणीव नव्हे, साच्याचा हिशेब आहे. साच्याशिवाय घर करता आलं, तर तो हिशेबच लागू होत नाही.

साच्याशिवाय घर करणारा माणूस आपल्याकडे कधीपासूनच आहे. त्याला आपण मखरवाला म्हणतो. खांब, कमान, शिखर आणि जाळी असलेली लहानशी वास्तू दरवर्षी नव्याने करायची, ती घडी घालून गिऱ्हाइकाच्या घरी पोचेल अशी बेतायची आणि ठरलेल्या दिवसाच्या आत द्यायची, हे त्याचं काम. गणपती-गौरींचं मखर असो की पूर्वी न्हाणवलीच्या सोहळ्यात मुलीला बसवायचं मखर असो, एखाद्या प्रसंगापुरती उभी केलेली छोटी इमारत हाच त्याचा अर्थ. बरीच वर्षं हे काम थर्माकोलमध्ये अडकलं होतं. २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्माकोलही घातलं, आणि मखर पुन्हा पुठ्ठ्याकडे आणि लेझरने कापलेल्या एमडीएफकडे वळलं. पर्यावरणासाठी काढलेल्या अधिसूचनेने मॉडेल रेल्वेवाल्यांचं एवढं भलं केलं असेल, हे सरकारच्या ध्यानीमनी नसणार. कारण बाजारात सहज मिळणारं एमडीएफ अडीच मिलिमीटर जाडीचं असतं, आणि अडीचला ८७ ने गुणलं की पावणेबावीस सेंटिमीटर येतात. गवंडी जिला नऊ इंची भिंत म्हणतो, ती जवळपास हीच. स्टेशनची दगडी भिंत दीड फुटाची धरली तर दोन थर चिकटवायचे. खिडकीच्या गजांचं मात्र एमडीएफमध्ये जमत नाही. १:८७ मध्ये ते पाव मिलिमीटरचे होतात आणि लेझरखाली जळून जातात. ते कापून घ्यायचे जाळीदार लग्नपत्रिका करणाऱ्याकडून, जाड कागदात. कुडाच्या भिंतीला लेझरही नको. जाडसर मांजरपाट गोंदात भिजवून ताणून वाळवला आणि वर गाळलेल्या मातीचा हात फिरवला की विणीचा पोत बरोबर उमटतो.

देखाव्याच्या बाकीच्या सामानाचं कूळही असंच घरगुती आहे. परदेशी लेआउटवर, म्हणजे फळीवर मांडलेल्या रेल्वेच्या देखाव्यावर, झाडंझुडपं म्हणून अनेक वर्षं वापरलं गेलं ते स्कँडिनेव्हियातलं लायकेन, ग्लिसरीनमध्ये मऊ ठेवून रंगवलेलं, आणि जमीन म्हणून रंगवलेला लाकडाचा भुसा. रंगीत फोमचा चुरा विकणारी वुडलँड सीनिक्स ही अमेरिकन कंपनी १९७५ ची. लायकेनचा एक भाऊबंद आपल्या प्रत्येक मसाल्याच्या दुकानात दगडफूल या नावाने मिळतो, पण त्याच्या नादी लागू नये. तो पापडासारखा चपटा असतो आणि बोट लागताच चुरतो. खडकावरचं शेवाळ दाखवण्यापुरता ठीक. झुडपासाठी घोसाळ्याची वाळलेली जाळी चांगली आणि झाडाच्या सांगाड्यासाठी वाळलेल्या तुळशीची फांदी उत्तम, कारण तिचे फाटे मोठ्या झाडासारखे पसरतात. गवत उभं राहतं ते विद्युतभाराने आखूड तंतू चिकटवून. दागिन्यांच्या डब्याचं मखमली अस्तर ज्या फ्लॉकिंगने होतं, तीच ही रीत. रुळांखालच्या खडीसाठी तर नंदुरबारला कुणाचं तोंड पाहायची गरज नाही. पन्नास मिलिमीटरची खडी ८७ ने भागली की अर्ध्या मिलिमीटरच्या वर थोडी उरते, म्हणजे खडी क्रशरची भुकटी बारीक चाळणीतून चाळली की झालं. खऱ्या रुळांखाली तोच काळा पाषाण असतो. त्यात एक मेख आहे: बेसॉल्टमध्ये चुंबकाला चिकटणारे कण असतात आणि ते इंजिनच्या मोटरीत शिरतात. म्हणून भुकटी पसरण्याआधी तिच्यातून दोन-चारदा चुंबक फिरवावा लागतो.

आणि मिरची. नंदुरबारचं लेआउट आहे आणि त्यात पथारीवर वाळत घातलेली मिरची नाही, तर ते कुठल्याही गावाचं लेआउट म्हणून खपेल. आठ सेंटिमीटरची मिरची १:८७ मध्ये एक मिलिमीटरही भरत नाही. म्हणजे जाडसर कुटलेलं तिखट मापाने अगदी बरोबर बसतं. मिरचीचीच मिरची दाखवायचा मोह सुटत नाही, पण उजेडाने तिचा रंग उडतो आणि पावसाळ्यात जाळी धरते. तिथे लाल रांगोळीच हवी, आणि ती विकणारा बाजारात बसलेलाच असतो.

पुरवठादार आपल्याच बाजारात आहेत, या म्हणण्यावर पहिला आक्षेप काटेकोरपणाचा. मखरवाला आणि रांगोळीवाला प्रमाण पाळणार नाहीत, हा खेळ तर मिलिमीटरचा आहे. आक्षेप योग्य आहे, पण तो खोक्यातल्या घरांनाही लागू होतो. टेबलावर जास्त घरं मावावीत म्हणून नावाजलेल्या कंपन्यांच्या इमारतीही बऱ्याचदा १:८७ पेक्षा लहान, १:१०० च्या आसपास केलेल्या असतात. शिवाय भारतीय ब्रॉडगेज दाखवताना रुळापासूनच तडजोड सुरू होते. आपलं गेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट, म्हणजे जवळजवळ माणसाची उंची. १:८७ मध्ये ते एकोणीस मिलिमीटरच्या वर जायला हवं. बाजारातला एचओ रूळ साडेसोळाचा आहे, कारण तो युरोपच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून आला. रुळावर आडवा झोपलेला एकोणीस मिलिमीटरचा खेळण्यातला माणूस खऱ्या प्रमाणातल्या मार्गावर दोन रुळांत जेमतेम मावेल. मॉडेलवर त्याचे पाय बाहेर येतील. हे चालवून घेणाऱ्याने भिंतीच्या अर्ध्या मिलिमीटरवरून मखरवाल्याला बोल लावू नये.

नवापूर तर कुठल्याच घरात पूर्ण मावणार नाही. सुरतहून तापी खोऱ्यातून येणाऱ्या या मार्गावरचं स्टेशन १ मे १९६० ला दोन राज्यांत विभागलं गेलं. त्याची लांबी सुमारे ८०० मीटर सांगतात. त्यातले ३०० महाराष्ट्रात, ५०० गुजरातेत. प्रमाणात हे नऊ मीटरच्या वर जातं. छाटावंच लागतं, आणि प्रश्न कुठे छाटायचं एवढाच उरतो. १६० सेंटिमीटरची फळी घेतली तर ६० इकडे आणि १०० तिकडे ठेवले की तीनास पाच हे नातं टिकतं. फलाट आखूड झाला तरी तो नवापूरचा राहतो. हा निर्णय खोक्याबरोबर येणाऱ्या कागदावर छापलेला नसतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हे सगळं जुगाड झालं; पुरवठादार तो, जो तीच वस्तू पुन्हा तशीच देऊ शकतो. अगदी मान्य. झायफेनच्या कड्याचं कौतुक याचसाठी केलं. पण लेझर कापणारा नेमकं हेच करतो. एकदा आराखडा बसला की दहावं घर पहिल्यासारखंच निघतं, आणि पोलादी साच्याचा खर्च नाही. थ्रीडी छपाईबद्दलही हेच म्हणता येईल. दोन्हीकडे टंचाई यंत्राची नाही, मोजलेल्या आराखड्याची आहे. कौलाची रुंदी, वाशांमधलं अंतर, ओट्याची उंची कुणीतरी फूटपट्टी घेऊन लिहून काढलेली असावी लागते. फालरच्या साच्याआधीही कुणीतरी ब्लॅक फॉरेस्टमधलं घर मोजलंच होतं. मोजमाप न करता आकार उचलायचा झाला तर काय होतं, याचं एक उदाहरण हाताशी आहे. नवापूरला लागून असलेल्या गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात मातीचे घोडे आणि घुमटाकार छोटी घरं देवाला, पूर्वजांना वाहण्याची रीत आहे. लहान आकाराची घरं घडवण्याची कला इथे किती जुनी आहे, याचा तो पुरावा. पण ते घुमट आयती झोपडी म्हणून लेआउटवर ठेवणं चूक ठरेल. ती वस्तू कुणाच्या तरी घराचं मॉडेल नाही, आणि कुंभार ती देखाव्यासाठी घडवत नाही.

तिसरा आक्षेप असा की इतकी उठाठेव करून पाहणार कोण? पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. त्या संग्रहालयातल्या नगरीत उड्डाणपूल आहेत, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, आणि लोक ती बघायला तिकीट काढून जातात. ती काल्पनिक नगरी आहे. खानदेशातलं एखादं स्टेशन जसंच्या तसं दाखवणं हा तिचा हेतू नाही. पण दिवे, सिग्नल, कुंपणं असलेलं छोटं गाव मराठी माणूस तासभर उभं राहून पाहतो, हे तिने दाखवून दिलं आहे. काल्पनिक गावासाठी जो थांबतो, तो ओळखीच्या गावासाठी थांबणार नाही असं मानायला मला कारण दिसत नाही.

नवापूरच्या फलाटावर सीमारेषेवर एक बाक आहे. अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत, आणि दोन्ही राज्यांची नावं त्यावर रंगवलेली. सहा फुटांचा बाक धरला तर मॉडेलवर तो जेमतेम दोन सेंटिमीटरचा होईल, आणि अक्षरं मिलिमीटरभराची. ती ब्रशने निघत नाहीत. ती छापून घ्यावी लागतात, आणि एवढं बारीक देवनागरी व गुजराती एकाच कागदावर स्वच्छ छापून देणारा माणूस सीमेवरच्या गावात शोधावा लागत नाही. तो दोन्ही लिप्यांत लग्नपत्रिका छापत असतो.