समुद्र ओलांडलेल्या आपल्या भगिनी

यंदा आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पुरी होत आहेत. स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई, मी काय लिहिणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "आपण सातजणी दुबईला जाऊन आलो, त्याची हकिगत लिहा." पण नुसती हकिगत ती काय? गेलो, पाहिले, आलो. उंच इमारतीखाली उभे राहून काढलेले फोटो तुम्ही सर्वांनी पाहिलेच आहेत. जाण्याआधी वर्षभर मी वाचनालयातून आणून जे वाचले, ते मला त्या इमारतीपेक्षा मोलाचे वाटते. म्हणून तेच आधी सांगते, आणि आमच्या सहलीचे ओघाने येईल तेवढे.

हे वाचन सुरू झाले ते एका प्रश्नामुळे. आम्ही जाणार हे कळल्यावर जो तो विचारी, "कशाला?" नणंदेने विचारले, शेजारच्या काकूंनी विचारले, किराणा दुकानदारानेही विचारले. मुलगा तिकडे नोकरीला नाही, लेकीचे बाळंतपण नाही, यजमान बरोबर नाहीत, मग कशाला? काशीला जाते म्हटले असते तर कोणी विचारले नसते, उलट गंगाजल आणायला सांगितले असते. पंढरीला तर आपल्या बायका शेकडो वर्षे पायी जात आहेत. देवाचे निमित्त असले की बाईला वाट मोकळी असते. मला वाटू लागले, आपल्या आधी ज्या गेल्या त्यांनी या प्रश्नाला काय उत्तर दिले असेल?

पहिले नाव अर्थातच डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे. जन्म १८६५ सालचा, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले. यजमान गोपाळराव टपालखात्यात होते आणि वयाने पुष्कळ मोठे. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. योग्य औषधपाणी मिळाले असते तर ते वाचले असते, हे शल्य त्यांच्या मनात राहिले, आणि आपण डॉक्टर व्हावे असे त्यांनी ठरविले. गोपाळरावांनी अमेरिकेतल्या मिशनऱ्यांना लिहिलेले पत्र तिकडच्या एका मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असता त्यांच्या हाती ते मासिक पडले, आणि त्यांनी या अनोळखी मुलीला आपण होऊन पत्र लिहिले. दाताच्या डॉक्टरकडे आपणही ताटकळत बसतो आणि जुनी मासिके चाळतो. त्यातून एखाद्या परक्या मुलीचे आयुष्य बदलेल असे मनात तरी येते काय? आनंदीबाई पुढे या बाईंना मावशी म्हणू लागल्या.

"कशाला" हा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भरसभेत इंग्रजीतून भाषण केले. अमेरिकेस का जाता, इथे शिकता येणार नाही काय, एकट्याच का जाता, परत आल्यावर जातीने वाळीत टाकले तर, असे लोकांच्या मनातले प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. वय अठराही पुरे नव्हते. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने समुद्रावर, सोबतीला आपले माणूस एकही नाही. आम्हाला मुंबईहून दुबईला तीन तास लागले, तेवढ्यातही आमच्यातल्या एकीने दोनदा मारुतिस्तोत्र म्हटले.

त्यांच्या लुगड्याची गोष्ट मला फार लागली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत आणि तिकडची थंडी सोसवेना. पण परदेशी पोषाख करायचा नाही असा निश्चय होता. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीने पायघोळ साडी नेसायला सुरुवात केली. म्हणजे नेम मोडला नाही आणि पायही झाकले गेले. हा तोडगा बाईलाच सुचावा. फिलाडेल्फियाला राहण्याच्या खोलीतली शेगडी धूर ओकी, शाकाहारी जेवणाचे हाल होत, आणि प्रकृती खालावत गेली. तरी ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी डॉक्टरकीची पदवी घेतली. त्या वर्षअखेर परत आल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षेही झाली नव्हती.

त्यांच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. रमाबाईही १८८३ च्याच उन्हाळ्यात समुद्र ओलांडून इंग्लंडला गेल्या होत्या, कडेवर लहानग्या मनोरमेला घेऊन. विधवा बाई, माहेर सासर काही उरलेले नाही, मग पैसा कुठला? तर आदल्या वर्षी त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' नावाचे पुस्तक लिहिले होते, त्याच्या पैशांतून त्यांनी प्रवासखर्च भागविला. स्वतःच्या कमाईवर परदेशी जाणारी बाई ती ही. इंग्लंडहून त्या अमेरिकेस गेल्या, भरपूर हिंडल्या, व्याख्याने दिली, आणि परत येऊन १८८९ साली तिथल्या लोकस्थितीवर नि प्रवासावर मराठीत मोठे पुस्तक लिहिले. त्यात तिकडच्या स्त्रियांच्या संस्थांविषयी पुष्कळ आहे. ते वाचताना मला आपल्या मंडळाच्या सभा आठवल्या, आणि वादही!

हे सगळे सोपे नव्हते. या दोघी गेल्यावर सात वर्षांनी, १८९० साली, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुरुषांवर प्रायश्चित्ताचे प्रकरण आले. चहाची ही गत, तर समुद्राची काय असेल!

परंतु मला सगळ्यांत जवळच्या वाटल्या त्या पार्वतीबाई आठवले. अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी बाया यांची ही धाकटी बहीण. जन्म १८७० चा, ऐन विशीत वैधव्य. बहिणीकडे येऊन शिकल्या आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत फिरल्या. मग १९१८ साली, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, इंग्रजी शिकावे आणि आश्रमासाठी मदत मिळवावी म्हणून त्या अमेरिकेला निघाल्या. धड इंग्रजी येत नाही, ओळखीचे कोणी नाही. तिथे पोटासाठी त्यांनी लोकांच्या घरी भांडी घासली, घरकाम केले, आणि ते 'माझी कहाणी' या आत्मचरित्रात लपवून ठेवले नाही. मी त्याच वयाची आहे. हे पुस्तक मी दोनदा वाचले आणि वाचनालयाला चार दिवस उशिराचा दंड भरला.

पुढचा इतिहास मी भराभर सांगते, कारण तो कागदांचा आहे. पहिल्या महायुद्धाआधी पारपत्राची अशी सक्ती नव्हती. आपल्याकडे त्याचा कायदा १९२० साली झाला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला गेले आणि बोटीचे आठवडे तासांवर आले. पण विमान असले तरी पैसा कुठे होता? रिझर्व्ह बँकेच्या परवानगीवाचून परकीय चलन मिळत नसे, आणि मौजेसाठी जाणाऱ्यास तर फारच थोडे. पारपत्र द्यायचे की नाही हेही सरकारच्या मर्जीवर होते. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, परदेशी जाणे हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि त्याच वर्षी पारपत्राचा नवा कायदा झाला. २००४ पासून माणशी वर्षाला पंचवीस हजार डॉलर नेता येऊ लागले, २०१५ पासून अडीच लाख. आपल्याला त्यातले हजारही लागत नाहीत ते सोडा.

आता माझ्या पारपत्राची गोष्ट. अर्ज भरताना शिक्षण विचारतात. दहावी झालेली नसेल, आणि इतर सवलतींत बसत नसाल, तर पारपत्रावर 'ईसीआर' असा शेरा येतो. म्हणजे हिला ठराविक देशांत नोकरीसाठी जायचे असल्यास आधी सरकारी तपासणी हवी. सहलीला जाणाऱ्यास ती अट नाही. हा शेरा १९८३ च्या कायद्यावरून आला आहे, आनंदीबाईंच्या बोटीनंतर बरोबर शंभर वर्षांनी. कमी शिकलेल्यांना आखाती देशांत नेऊन फसवीत, पगार बुडवीत, म्हणून हा बंदोबस्त. हेतू चांगलाच. २०१८ च्या जानेवारीत तर अशा लोकांना नारिंगी रंगाचे वेगळे पारपत्र द्यायचे जाहीर झाले होते. लोकांनी ओरड केली, तेव्हा महिना संपायच्या आत तो बेत सोडून दिला. बरे झाले. आम्हा सातजणींत पाचजणी दहावी झालेल्या, दोघी नाही. सहलीच्या रांगेत दोघींच्या हाती नारिंगी आणि पाचजणींच्या हाती निळे, हे कसे दिसले असते? पार्वतीबाईंच्या हाती कोणत्या रंगाचे दिले असते?

पैशाचे म्हणाल तर आम्ही तीन वर्षे बँकेत दरमहा दोन हजारांची आवर्ती ठेव ठेवली होती. पापडाच्या, पोळ्यांच्या, शिवणाच्या कमाईतून. रमाबाईंचे पुस्तक, आमचे पापड. बहात्तर हजार आणि वर थोडे व्याज, त्यात सहलही झाली आणि घरच्यांसाठी खजूरही आला.

२०२३ च्या डिसेंबरात निघालो. मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने माझा शेरा पाहिला, परतीचे तिकीट पाहिले, हॉटेलचा कागद पाहिला आणि विचारले, "तिकडे न्यायला कोण येणार?" मी म्हटले, "कोणी नाही. आम्ही सातजणी आहोत." त्याने मागे उभ्या असलेल्या सहाजणींकडे पाहिले आणि शिक्का मारला.

विमानात माझ्या शेजारी आंध्रातली एक बाई होती. मोडक्या हिंदीत बोललो. ती एका अरबाच्या घरी कामाला चालली होती, दोन लेकरे आईकडे ठेवून. तिच्याही पारपत्रावर माझ्यासारखाच शेरा. तिला पट्टा लावता येईना, तो मी लावून दिला, आणि मलाही तो कसा लावायचा हे दहाच मिनिटांपूर्वी कळले होते. माझ्या डब्यातली गूळपोळी तिने खाल्ली. तू कशाला चाललीस, हे तिला कोणी विचारले नसणार. उतरल्यावर तिच्या हाती एक कागद होता, तो घेऊन ती दुसऱ्या रांगेत गेली. माझे पाच दिवस मजेत गेले, पण रोज रात्री ताटे उचलणारी बाई दिसली की ती आठवे.

दुबईची एक गोष्ट आमच्या वाटाड्यालाही ठाऊक नव्हती, ती मी सांगितली आणि भाव खाल्ला. तिथे एके काळी आपला रुपया चाले. त्या रुपयांतून सोन्याची चोरटी ने-आण फार होऊ लागली म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या, आणि १९६६ पर्यंत दुबईत त्या चालल्या. मुंबईहून तिकडे 'द्वारका' नावाची बोट जात असे. ती १९८२ पर्यंत फिरली. तिच्या डेकवर बसून किती कोकणी माणसे गेली असतील! त्यांच्या बायका मात्र गावी मनिऑर्डरीची वाट पाहत राहिल्या. हाही आपल्या परदेशप्रवासाचा इतिहासच, न गेलेल्या बायकांचा.

मला सर्वांत आवडले ते तिथल्या खाडीवरचे 'अब्रा', म्हणजे लाकडी नाव. आम्ही गेलो तेव्हा एका दिरहमात पलीकडे नेऊन सोडीत. आम्ही तीनदा गेलो आणि तीनदा आलो. पलीकडे काही काम नव्हते. आनंदीबाईंना विद्या हवी होती, पार्वतीबाईंना आश्रमासाठी पैसा हवा होता. त्यांच्यापाशी मोठे उत्तर होते म्हणून तरी त्यांना जाता आले. आमच्यापाशी तसे उत्तर नव्हते. आम्हाला पाहायचे होते, एवढेच. परत आल्यावर नणंदेने पुन्हा विचारले तेव्हा मी तिला तेच सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पुढच्या खेपेला किती पैसे लागतील?"

तर पुढची खेप श्रीलंकेची आहे. ज्यांना यायचे त्यांनी आतापासून महिना दोन हजार बाजूला टाकावेत आणि पारपत्राचा अर्ज लगेच करावा. आधार कार्डावरचे नाव आणि लग्नानंतरचे नाव जुळते आहे का ते आधी पाहावे, आपल्या बायकांचे निम्मे अर्ज तिथेच अडतात. जुने पारपत्र असेल तर प्रवासाच्या वेळी त्याची मुदत निदान सहा महिने उरलेली हवी. बरोबर मेतकूट आणि दशम्या घ्याव्यात, लोणचे तेल गळणार नाही असे बांधावे आणि मोठ्या बॅगेत टाकावे. अर्ज भरायला मी दर गुरुवारी दुपारी मंडळाच्या खोलीत बसते. दहावी झाली नसेल तर त्यासाठी कोणी मागे राहू नये, त्या रकान्यात काय लिहायचे ते मला पाठ आहे.