वृक्षलक्षणे (पनवेल तालुका)
फुलाफळांच्या अभावीही अपरिचित वृक्षाची ओळख पर्ण व साल यांवरून पटविता येते. १९६८ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या कर्नाळ्याच्या पानझडी वनात याची सुबोध उदाहरणे आढळतात. ऐनाची काळपट साल उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकटीचौकटींत दुभंगून मगरीच्या पाठीसारखी दिसते आणि त्याच्या पानाच्या पाठीवर, देठाजवळ, मध्यशिरेलगत बारीक ग्रंथी असतात. सागाचे कोवळे पान चुरडले असता बोटांना तांबडा रंग लागतो. कांडोळाची फिकट, गुळगुळीत साल कागदासारखी सुटते. मात्र कोवळ्या झाडाची साल जून झाडाहून निराळी असल्याने, दोन्ही लक्षणांची शहानिशा केल्याखेरीज निर्णय करणे इष्ट नव्हे.